शिवेवर अडलेला गाडा

माझा ताप आठवड्याच्या आत उतरला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्या जिवाची काळजी करायला नको. सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात फ्लूची साथ आली, घरोघरी माणसं आडवी झाली आणि बहुतेक सगळी उठलीही. मी त्या उठलेल्यांपैकी एक. पण त्या दुखण्यात एक गोष्ट माझ्या हातून निसटली, ती आजवर पूर्ण परत आलेली नाही. कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "लिहून काढा, सुमनबाई. अंगावर पिणारी मुलं असलेल्या कितीतरी बायका असतात, त्यांना उपयोग होईल." म्हणून लिहायला बसले आहे.

मी चाकणच्या शाळामास्तरांची मुलगी. सातवी पास. वडिलांकडून मला दोन गोष्टी आल्या, बरं अक्षर आणि समोरच्याचं बोलणं सुधारायची खोड. रहाटणीला दिली तेव्हा सासरी या खोडीची सगळ्यांनी मनसोक्त चेष्टा केली. घर शेतकऱ्याचं, जमीन नदीच्या अंगाला. घरात सासूबाई, म्हणजे आम्हा दोघी जावांच्या आत्याबाई, थोरले दीर, त्यांची बायको गोदाक्का, माझे यजमान आणि मी. दीर शेती बघायचे. आमचे हे पवनेपलीकडे पिंपरीला निघालेल्या औषधांच्या कारखान्यात लागले होते. सकाळी होडीनं नदी ओलांडायची आणि भोंगा व्हायच्या आत फाटकात शिरायचं. घरातला पगार आणणारा पहिला माणूस म्हणून आत्याबाई त्यांना वाढताना भाकरीवर जरा जास्त तूप सोडायच्या.

आणि आमची मंदा, पाच महिन्यांची. गुटगुटीत, रडकी आणि सदा भुकेली. ती प्यायला लागली की तिचा एक हात माझ्या मंगळसूत्राशी खेळत असायचा. काळे मणी मुठीत धरल्याशिवाय तिला झोप यायची नाही.

गोदाक्काचं बाळ मला ताप यायच्या पंधरवडाभर आधीच गेलं होतं. मुलगा होता. पाळण्यात घालायच्या आधीच गेला. नवा पाळणा माळ्यावर चढवून ठेवला होता आणि आक्का त्या माळ्याखालून जाताना मान वर करायची नाही. तिचं दूध आटावं म्हणून आत्याबाई रोज परसातल्या मोगऱ्याची फुलं खुडून तिच्या छातीला बांधायच्या. आमच्याकडे तोच उपाय करतात. मी मंदाला घेऊन दुसऱ्या खोलीत पाजायला बसायचे, पण पोरीच्या मुटूमुटू पिण्याचा आवाज भिंतीपलीकडे जात असणारच. त्या दिवसांत आक्का माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

०००

साथ आधी कारखान्यात आली. खाडे वाढले, शिफ्टला माणसं पुरेनात. ह्यांनाही दोन दिवस अंगात कसर आली, पण ती त्यांनी सर्दी म्हणून अंगावर काढली. पेपरात या तापाला फ्लू म्हणत होते. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी मात्र त्याला लगेच जुनं नाव दिलं, मानमोडी. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी याच जातीची साथ आली होती आणि तिनं घरंच्या घरं बसवली होती. ते नाव निघाल्यावर गावाच्या तोंडचं पाणी पळालं.

मग म्हाताऱ्यांनी उपायही जुनाच काढला, पण तो भलत्याच रोगावरचा. पूर्वी प्लेगात, गाठीच्या तापात, गाव सोडून रानात जाऊन राहायची रीत होती. घरं मोकळी टाकायची, शेतात खोपी घालायच्या आणि साथ सरली की परत यायचं. प्लेग उंदरांचा, म्हणून तेव्हा ते शहाणपणाचंच होतं. या तापाला उंदरांशी काही देणंघेणं नव्हतं. तरी पेरण्या उरकल्यावर धडधाकट माणसांनी बैलगाड्यांत भांडीकुंडी भरायला सुरुवात केली. चिखलात, ओल्या चाऱ्यावर, गळक्या छपराखाली राहायला. सांगायला तेव्हा कुणी नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी ऐकणारं कोण होतं?

आमची गाडी भरत असतानाच मला थंडी वाजून आली. हातातली परात खाली ठेवली ती ठेवलीच. आत्याबाईंनी दारातून माझ्याकडे पाहिलं. जवळ आल्या नाहीत.

"कवापास्नं?" त्यांनी विचारलं.

"सकाळपासून जरा कणकण आहे."

"पोरगी दे हिकडं."

"आत्ताच झोपलीय, आत्याबाई. उठली की पाजते आणि मग..."

"पाजायचं न्हाई. तापाचं दूध हाय ते."

मी हसून म्हटलं, दूध कुठं तापाचं असतं. त्या हसल्या नाहीत. उंबऱ्यावर बसल्या आणि कधी न सांगितलेली गोष्ट त्यांनी सरळ आवाजात सांगितली. "मानमोडीत माजी आय आशीच पडली व्हती. मी धा वर्साची. भाऊ तान्हा, अंगावर पीत व्हता. आय गेली तरी पीतच व्हता, मला काढून घ्यायचं सुचलं न्हाई. सांजच्याला त्यो बी गेला. ह्या डोळ्यांनी बगितलंय, सुमन. दे तिला."

मंदाची मूठ माझ्या मंगळसूत्रावर होती. तिची झोप मोडू नये म्हणून एकेक बोट हळूच सोडवलं आणि तिला दुपट्यात गुंडाळून उंबऱ्याशी ठेवलं. आत्याबाईंनी उचललं. गाडी निघाली. रोज नदी ओलांडून चार माणसांत जाणारा माणूस रानात नको, म्हणून ह्यांना माझ्याजवळ गावातच ठेवलं.

त्या दिवशी मी "नाही" म्हणाले असते तर, असं लोक मला विचारतात. मला नाही वाटत कुठलीही सून तेव्हा नाही म्हणाली असती. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटली होती. आत्याबाईंचा तो तान्हा भाऊ माझ्याही डोळ्यांपुढे उभा राहिला होता.

०००

तापाचे दिवस मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतात. डोळ्यांच्या खोबण्या दुखायच्या. पाठीत कुणी मुसळ घालतंय असं वाटायचं. हे कारखान्यातून आले की चूल पेटवायचे आणि पेज करायचे. त्या पेजेत कधी मीठ नसायचं, कधी दोनदा पडलेलं असायचं. "कशी झालीय?" असं ते इतक्या आशेनं विचारायचे, की मी वाटी संपवायचे. लग्नाला दोन वर्षं झाली तरी आम्ही दोघं इतके एकटे कधी राहिलो नव्हतो. एरवी मला त्याचा आनंद झाला असता.

तापापेक्षा दूध वाईट. छाती दगडासारखी झाली, हात वर होईना. मंदाच्या भुकेच्या वेळा माझ्या अंगाला पाठ होत्या. ती रानात रडत असेल त्याच घटकेला इथं माझी चोळी भिजायची. मी ह्यांना सांगायचे, "आत्ता रडतेय बघा ती." ते चुलीतली लाकडं पुढे सारायचे.

आत्याबाई दिवसाआड यायच्या. ओट्यावर भाकऱ्या, ताक, काहीबाही ठेवायच्या आणि लांब लिंबाखाली उभ्या राहून हाक मारायच्या. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला भाकरीबरोबर एक ओलं फडकं होतं. सोडलं तर आत मोगऱ्याची फुलं.

"छातीला बांध," त्या लिंबाखालून ओरडल्या. "सुकली का दुसरी खुडून दीन."

"मंदा कशी आहे? काय पिते?"

"हाय बरी. खाया-पियाचं नगं बघू तिचं तू."

मी फुलं बांधली. आमच्या परसात मोगऱ्याचं झाड एकच, आणि त्याला एका बाईपुरतीच फुलं यायची. इतके दिवस ती आक्कासाठी खुडत होत्या, हे मला माहीत होतं. आता ती माझ्याकडे आली, तर आक्काला काय बांधतात हा विचार तेव्हा डोक्यात आला नाही. अंगात ताप होता. आजही मोगऱ्याचा वास मला नको होतो. हळदी-कुंकवाला कुणी गजरा दिला तर घेते आणि मागच्या मागे दुसरीला देऊन टाकते.

०००

ताप गेला. अंगात उभं राहण्याइतकं त्राण येताच मी ह्यांच्याबरोबर होडीत बसून पिंपरीला कारखान्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर वयस्क होते, डोळे तारवटलेले, साथीनं त्यांचीही झोप उडवली असावी. त्यांनी नळी लावून पाठ तपासली.

"छाती साफ आहे. खा, प्या, विश्रांती घ्या. घरी कोण आहे?"

"मूल आहे. अंगावरचं."

"मग पाजा की."

"ते इथं नाही. ताप आला म्हणून तोडलं."

डॉक्टरांनी नळी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. "बाई, दुधातून हा ताप जात नाही. तोंडाला स्वच्छ फडकं बांधून, हात धुऊन पाजायचं होतं. पोराला उलट आईच्या दुधानं जोर येतो. अजून येत असेल तर आजच सुरू करा." रागावून नव्हते बोलत. दिवसातून कितीजणींना सांगत असतील. मला मात्र त्या स्टुलावरून उठवेना.

त्याच पावली रानात जायचं असं मी ठरवलं होतं. जाता आलं नाही, कारण तोवर मरीआईचा गाडा निघायचा होता.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. साथ आली की लाकडाचा एक लहान गाडा करतात. त्यात मरीआईला बसवतात, हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबं, नैवेद्य ठेवतात आणि हलगी वाजवत गावाच्या शिवेवर नेतात. पलीकडच्या गावानं तो आपल्या हद्दीतून ओढत त्यांच्या पुढच्या शिवेवर पोचवायचा. अशी रोगराई गावागावांतून पुढे सरकत जायची. शेवटी जायची कुठं, ते कुणी विचारल्याचं मला माहीत नाही. आणि गाडा शिवपार होईपर्यंत रानातल्यांनी गावातल्या घरात पाऊल टाकायचं नाही, दुखण्यातून उठलेल्यांनी रानात जायचं नाही, अशी ताकीद होती. एकानं मोडली तर खापर त्याच्या घरावर फुटणार.

गाडा वाजतगाजत शिवेवर गेला आणि तिथंच अडला. दीर चिखलानं माखून परत आले आणि आमच्या ओट्यापासून लांब उभे राहून म्हणाले, "घेत न्हाईत राव."

"म्हणजे?" ह्यांनी विचारलं.

"त्यांच्यात बी घरोघर माणसं पडल्याती. म्हणत्यात, तुमची आई तुमच्यापाशी ठिवा. काठ्या घिऊन उभं हायती."

त्या गावाचं नाव लिहीत नाही, आमची एक नणंद तिकडेच दिली आहे. आणि त्यांचं तरी काय चुकलं? आधीच घर भरलेलं असताना आणखी कोण घेईल? पण आमच्याकडच्यांनाही गाडा मागे आणता येईना. परत आणला तर आई रुसणार. मग तो शिवेवरच्या बाभळीखाली उभा राहिला. पाऊस पडत होता. लुगड्याचा हिरवा रंग गळून चाकांखाली डबकं हिरवं झालं. रोज दोन्ही गावांची माणसं जायची, दोन्ही बाजूंनी भांडायची आणि जेवायच्या वेळेला घरी यायची.

मी एकदा एकटीच तिथवर गेले. कुणी नव्हतं. गाड्यापुढे उभी राहून हात जोडले आणि म्हटलं, "आई, जा की आता. माझी पोरगी लहान आहे गं." त्या वेळी मला देव, डॉक्टर, कोण खरं हे काही ठरवायचं नव्हतं. कुणीतरी ऐकावं एवढंच होतं.

घरी आल्यावर ह्यांच्याशी भांडले. इतकं भांडले की शेजार असता तर गोळा झाला असता.

"डॉक्टरांनी सांगितलंय ना? चला, आत्ता जाऊ आणि आणू तिला."

"माझ्या आईच्या शब्दाबाहेर कसं जाऊ?"

"शब्द मोठा की पोरगी मोठी?"

त्यांनी हातातल्या काडीनं जमीन उकरली. मग म्हणाले, "आणलं तिला, आणि उद्या तिला नुसतं शिंकून ताप आला, तर सगळं गाव कुणाकडं बोट दाखवील? तुझ्याकडं. मी नाही ते बघू शकणार."

डॉक्टर नदीपलीकडे होते. गाव इथं होतं.

०००

शेवटी ह्यांनीच तोडगा काढला. रानातली आमची खोप ओढ्यापलीकडे होती. ओढ्याच्या अलीकडे उभं राहून बघायला कुणाची ताकीद आड येत नव्हती. त्यांनी दिराला निरोप दिला, आणि उन्ह पडलेल्या एका दुपारी मी ओढ्यावर गेले.

पलीकडून आक्का आली. कडेवर मंदा. अंगानं भरली होती. खोटं कशाला बोलू, मला आधी तेच दिसलं आणि वाईट वाटलं. आपल्याविना पोर वाळली असेल असं मी रोज धरून चालले होते. आक्कानं तिला दोन्ही हातांवर उंच धरलं आणि ओरडली, "बघ, तुजी आई बघ! हाक मार!"

मी हाका मारल्या. टाळ्या वाजवल्या. ओढ्याला पाणी खळाळत होतं, त्यात माझा आवाज कितपत पोचला कोण जाणे. मंदानं इकडे तिकडे पाहिलं आणि कुरकुरायला लागली. आक्कानं तिला खाली घेतलं, खांद्याशी धरलं. पोरीनं तोंड वळवून तिच्या पदराखाली खुपसलं, अगदी सवयीनं. आणि आक्काचा हात, तोही सवयीनं, चोळीच्या गाठीकडे गेला. मग तिला आठवलं की मी बघते आहे. हात तिथंच थांबला.

तिची चोळी ओली होती. तेव्हा मला मोगऱ्याची फुलं कळली. एकीचं दूध आटवायचं आणि दुसरीचं राखायचं, हे आत्याबाईंनी त्या पहिल्याच दिवशी उंबऱ्यावर बसल्या बसल्या ठरवलं असणार.

आक्का तशीच उभी राहिली. पोर रडायला लागली तरी उभी राहिली. माझ्या तोंडाकडे बघत. शेवटी मीच ओरडले, "पाज तिला!" आणि तिनं पाठ वळवून बसकण मारली.

एवढं मात्र लिहिलं पाहिजे, की तिचं बाळ गेल्यापासून पहिल्यांदा मी तिचे खांदे सैल झालेले पाहिले. मला त्या क्षणी तिचा राग आला होता, आणि ती नसती तर मंदा कशावर जगली असती हेही कळत होतं. दोन्ही एकदम.

०००

गाड्याचा तिढा सुटला तो असा. पलीकडच्या गावानंही आपला गाडा काढला आणि तो शिवेवर आणून आमच्या गाड्यासमोर उभा केला. आता तुम्ही आमचा घ्या! दोन्हीकडची माणसं काठ्या टेकून एकमेकांकडे बघत बसली. आमच्यातला एक म्हातारा म्हणाला, "आरं, दोगी बहिणी भेटल्या. आता त्यांचं त्या बघून घेतील." हसू फुटलं आणि काम झालं. दोन्ही गाडे दोन्ही गावांनी मिळून नदीवर नेले आणि पाण्यात सोडले. एवढ्यासाठी महिना गेला होता. हेच पहिल्या दिवशी सुचतं तर, असं सगळेजण म्हणाले, हसत हसत. मला हसता आलं नाही. त्या महिन्यात माझं दूध पार आटलं होतं.

रानात गेलेल्या बैलगाड्या परत आल्या. आक्का उतरली, थेट माझ्याकडे आली आणि मंदाला माझ्यापुढे धरून म्हणाली, "घे बाई तुजी लेक. नीट हाय का बघून घे." तिचा चेहरा पांढराफटक होता.

मी घेतलं. मंदानं माझ्याकडे पाहिलं, मंगळसूत्राकडे पाहिलं. मी ते तिच्या हातात दिलं. तिनं ते सोडलं आणि आक्काकडे दोन्ही हात करून टाहो फोडला.

पुढे मी सगळं केलं. कोरड्या छातीला लावून बसले. वैद्याच्या पुड्या घेतल्या, शतावरी घेतली. दूध आलं नाही. दिवाळीनंतर ह्यांना कारखान्याची खोली मिळाली, तेव्हा मंदाला घेऊन आम्ही नदीपलीकडे राहायला गेलो. मला वाटलं, आक्का दिसली नाही की विसरेल. मंदानं बाटली तोंडात धरली नाही. वाटी-चमच्यानं पाजलेलं ओकून टाकलं. रडून रडून तिचा आवाज बसला, आणि मग तर ती रडायचीही थांबली, नुसती दाराकडे बघत पडायची. ते मला बघवेना. कुणी सांगितलं नव्हतं, आत्याबाईंनी नाही की ह्यांनी नाही. मीच तिला पदराखाली घेतलं, होडीत बसले आणि रहाटणीला नेऊन आक्काच्या ओटीत घातलं. मी म्हटलं, "अंगावरचं सुटलं की नेईन." ती म्हणाली, "व्हय."

अंगावरचं सुटलं, पण तोवर पोरगी बोलायला लागली होती. आक्काला ती आई म्हणते. दिरांना बाबा. मला काकी. दर रविवारी मी खाऊ घेऊन जाते, आणि दर रविवारी मास्तरांची लेक पोरीचं बोलणं सुधारत बसते. "काकी नाही, आई म्हण. ही मोठी आई, मी आई." आक्काही तिला पढवते, अगदी मनापासून. मंदा ऐकून घेते, मान डोलावते आणि म्हणते, "काकी, गोळी दे." हे पहिल्यांदा पोट धरून हसले होते. आता तिनं त्यांना काका म्हटलं की उठून बाहेर जातात.

०००

यंदाच्या पावसाळ्यात तोच ताप परत फिरला. तितका जोर नव्हता, तरी माणसं पडत होती. एका सकाळी होडीवाल्यानं रहाटणीचा निरोप आणला. गोदाक्का तापानं पडली आहे, पोर न्यायला या.

मी काय केलं ते सांगते. पातेलं चुलीवरून उतरवलं, केस विंचरले आणि पेटीतून मंदासाठी शिवून ठेवलेलं परकर-पोलकं काढलं. होडीत बसले तेव्हा मला आक्काची काळजी वाटायला हवी होती. मला आनंद होत होता. दोन वर्षं वाट पाहिलेली गोष्ट आपल्या पायांनी चालून आली होती, तीही कुणावर अन्याय न करता. आत्याबाईंनीच बोलावलं होतं.

ओट्यावर मंदाचं बोचकं बांधून तयार होतं. आत्याबाई मंदाला दंडाला धरून उभ्या होत्या आणि ती आतल्या खोलीच्या बंद दाराकडे ओढ घेत होती. "आईकडं जायचं! सोड, आईकडं जायचं!" रडून तिचा आवाज बसला होता. तो बसलेला आवाज मी ओळखत होते.

"घिऊन जा," आत्याबाई म्हणाल्या. "आता तिला तुज्याच हवाली करायची. देवाच्या मनात हुतं म्हनायचं."

दाराआडून आक्काचा आवाज आला. तापानं जड झालेला. "ने गं सुमन. मी न्हाई काई म्हनायची. तुजीच हाय. फकस्त झोपताना तिच्या हातात मनी दे, न्हाईतर झोपत न्हाई."

मी त्या दारापाशी उभी राहिले. आत एक बाई पडली होती, आणि बाहेर तिचं पोर रडताना तिला ऐकू येत होतं. या घरात त्या जागी मी पडून होते, तेव्हा मला निदान रडणं तरी ऐकू येत नव्हतं.

मी बोचकं सोडलं. त्यातलं एक धुतलेलं फडकं काढलं आणि दार उघडलं.

"आत नगं जाऊ!" आत्याबाई ओरडल्या. "सुमन, माज्या आयचं सांगितलंय न्हवं तुला?"

"सांगितलंय, आत्याबाई. तेव्हा तुम्ही दहा वर्षांच्या होता, तुमचा काही दोष नव्हता त्यात." "पण आता पुरे झालं. लेकराला आईपासून तोडायचं नाही."

आई हा शब्द मी बोलून गेले तेव्हा माझ्याच कानांवर आला. आत्याबाईंच्याही आला असावा. त्यांनी मंदाचा दंड सोडला.

मी आक्काच्या तोंडाला फडकं बांधलं. मंदाला हात धुऊन तिच्या पायाशी बसवलं, भिंतीला टेकून, जिथून ती आईला दिसेल आणि आई तिला. खिडकी उघडी ठेवली. डॉक्टरांनी मला सांगितलेलं सगळं केलं, दोन वर्षं उशिरा का होईना. आक्का डोळे मिटून रडत होती. म्हणाली, "तुजं घेतलं मी." मी म्हटलं, "गप पड, ताप वाढेल." याहून जास्त मला जमलं नाही.

ताप उतरेपर्यंत मी तिथंच राहिले. मंदाला साधी शिंकही आली नाही. रात्री ती माझ्याजवळ झोपायची, आक्काकडे तोंड करून, माझे मणी मुठीत घट्ट धरून. पाच महिन्यांची असताना धरायची तसेच.

वाचणाऱ्या बायकांना एवढंच सांगते. ताप आला तर तोंडाला फडकं बांधा, हात धुवा, डॉक्टरला विचारा, पण पोर देऊ नका. ज्या भीतीनं तुम्ही देता ती आठवड्यात निघून जाते.

निघायच्या दिवशी सकाळी आक्का उठून चुलीपाशी बसली होती. मंदानं तिला दारातून पाहिलं आणि धावत माझ्याकडे आली. "काकी," ती म्हणाली, "आई बरी झाली?"

आक्कानं मान वर केली. मी पोरीचं बोलणं सुधारते की काय, म्हणून ती बघत होती.

"झाली गं," मी म्हटलं. "जा तिच्याकडं."